कळफलकावरील जवळच्या वाटा

बदलापूरहून मुंबईच्या मुख्य स्थानकापर्यंतचें रेल्वेचें अंतर ६८ किलोमीटर आहे. अंबरनाथहून ६० आणि उल्हासनगरहून ५८. रोज हें अंतर लोकलनें तोडणाऱ्या चाकरमान्याला एक विद्या आपोआप येते. उतरण्याच्या स्थानकावर जिना कोठें आहे आणि त्याच्यासमोर कोणता डबा उभा राहतो हें तो ध्यानांत ठेवतो, आणि सकाळीं गाडी पकडतांनाच त्या डब्याच्या जागीं उभा असतो. या विद्येचें पुस्तक नाहीं, परीक्षा नाहीं. ज्याला ती ठाऊक आहे तो गर्दीच्या आधीं पुलावर पोंचतो, आणि ज्याला ठाऊक नाहीं तो जिन्याच्या तोंडाशीं खोळंबतो.

कचेरींत पोंचल्यावर हाच मनुष्य संगणकासमोर बसतो, आणि तेथें मात्र पुष्कळदां लांबच्या वाटेनें चालूं लागतो. एका पत्रांतील चार ओळी उचलून दुसऱ्या पत्रांत ठेवावयाच्या, तर हात कळफलकावरून काढून माऊसवर न्यावयाचा, पडद्यावरील बाण शोधावयाचा, ओळींवरून तो ओढावयाचा, यादी उघडावयाची, यादींतील शब्द टिपावयाचा, आणि मग हात पुन्हा कळांवर आणावयाचा. दोन कळा एकदम दाबल्या असत्या तर बरेंचसें तेंच काम झालें असतें. अशा जोडीनें दाबावयाच्या कळांस संगणकाच्या व्यवहारांत शॉर्टकट म्हणतात. त्यांच्याकडे किरकोळ सोय म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्यांतील बहुतेकांस बराच जुना इतिहास आहे. आणि कांहीं माणसांच्या बाबतींत तर ती जवळची वाट नसून एकमेव वाट आहे.

हा इतिहास संगणकापासून सुरू होत नाहीं, टाइपरायटरपासून होतो. अमेरिकेंत शोल्स व त्याचे सहकारी यांनीं रचलेलें यंत्र रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं विक्रीस काढलें, तेव्हां तें केवळ मोठींच इंग्रजी अक्षरें उमटवीत असे. पुढें १८७८ सालीं आलेल्या दुसऱ्या नमुन्यांत एक नवी कळ दिसूं लागली. ती दाबली कीं कागद धरणारा भाग जागचा सरके, आणि एकाच दांड्यावर कोरलेल्या दोन अक्षरांपैकीं दुसरें अक्षर कागदावर उमटे. सरकविणारी म्हणून तिचें नांव शिफ्ट. स्वतः कांहींच न लिहिणारी, परंतु शेजारच्या कळेचा अर्थ पालटून टाकणारी ही कळ म्हणजे एक विलक्षणच कल्पना होती. नंतरच्या काळांतील कंट्रोल काय आणि आल्ट काय, या सर्व तिच्याच कुळांतल्या. संगणकांत आतां कांहींहि सरकत नाहीं. नांव मात्र टिकून आहे. टॅब या कळेचेंहि तसेंच. आंकड्यांचे तक्ते टाइप करतांना प्रत्येक रकान्याच्या आरंभीं गाडा नेमका थांबावा, एवढ्यासाठीं ती योजली होती. आज तीच कळ अर्जाच्या एका चौकटींतून पुढच्या चौकटींत नेते, आणि आल्टबरोबर दाबली असतां एका खिडकींतून दुसऱ्या खिडकींत. तक्त्यांचा कंटाळा आलेल्या जुन्या कारकुनांच्या सोयीवर आजचें हें हिंडणेंफिरणें उभें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

भारतांत हें यंत्र घडविण्याचें काम मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीनें १९५५ सालीं हातीं घेतलें. त्या सुमारास कल्याणच्या पुढचा मुलूख झपाट्यानें पालटत होता. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ जी लष्करी छावणी उभी राहिली होती, तिच्या बराकींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें येऊन राहिलीं. त्यांची संख्या लाखाच्या घरांत होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. बराकींच्या समूहांचे क्रमांक मात्र अजून लोकांच्या तोंडीं आहेत, आणि एक नंबर, पांच नंबर असाच पत्ता तेथें सांगितला जातो. शेजारच्या अंबरनाथांत शिलाहारांच्या काळचें शिवमंदिर, आणि त्याच गांवांत आगपेट्यांचा विम्को कारखाना व सरकारी शस्त्रास्त्रांचा कारखाना. त्याच्याहि पुढें उल्हास नदीकांठचें बदलापूर. कारखाना म्हटला कीं हजेरीपट, मालाच्या याद्या, पत्रव्यवहार आलाच. आणि मुंबईच्या कचेऱ्या तर गाडीच्या टप्प्यांत होत्याच. जमीन नसलेल्या, भांडवल गमावलेल्या किंवा नुकत्याच शहरांत आलेल्या घरांतील मुलामुलींस जी विद्या थोड्या खर्चांत नोकरीच्या दारापर्यंत नेत होती, ती म्हणजे टायपिंग. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेसाठीं मराठींत मिनिटास ३० किंवा इंग्रजींत मिनिटास ४० शब्दांचें प्रमाणपत्र लागे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरल्यावर मराठी यंत्रावर बसणाऱ्यांचें महत्त्व अर्थातच वाढलें.

टायपिंगच्या वर्गांत पहिली शिस्त असते ती कळांकडे न पाहण्याची. डाव्या हाताचीं चार बोटें ए, एस, डी, एफ या कळांवर, उजव्या हाताचीं त्याच ओळींतील चार कळांवर, आणि नजर शेजारीं ठेवलेल्या मजकुरावर. बोटाला कळ सांपडली पाहिजे, डोळ्याला नव्हे. आजच्या संगणकाच्या कळफलकावरहि एफ आणि जे या दोन अक्षरांवर एक बारीकशी उंच रेघ असते. ती नुसती नक्षी आहे असें अनेकांस वाटतें. पण नजर न वळवितां बोटें आपल्या घरीं परत यावींत यासाठीं ती ठेवलेली असते.

कंट्रोल या कळेचा वंश वेगळा. ती टाइपरायटरवर नव्हती. तारायंत्राच्या वंशांतील टेलिप्रिंटरकडून ती संगणकाकडे आली. दूरच्या यंत्रास अक्षरें पाठवावयाचीं तशा कांहीं आज्ञाहि पाठवाव्या लागत: ओळ बदल, गाडा मागें आण, घंटा वाजव. अमेरिकेंत १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतांत पहिल्या ३२ जागा अशाच न उमटणाऱ्या आज्ञांसाठीं राखून ठेवल्या गेल्या, आणि कंट्रोल दाबून अक्षर दाबलें कीं त्या अक्षराच्या क्रमांकाची आज्ञा जाऊं लागली. इंग्रजी वर्णमालेंत जी हें सातवें अक्षर. सातवी आज्ञा घंटेची. म्हणून कंट्रोल आणि जी दाबतांच पलीकडच्या टेबलावर घंटा वाजे. एम हें तेरावें अक्षर. तेरावी आज्ञा गाडा ओळीच्या आरंभीं आणण्याची. आजच्या एंटर कळेच्या पोटांत तीच तेरावी आज्ञा आहे. एस्केप या कळेचा संकेत आय.बी.एम. कंपनींतील बॉब बेमर यांनीं १९६० सालीं सुचविला होता. यंत्रानें नेहमींचा संकेत सोडून दुसऱ्या संकेताकडे वळावें असा त्यांचा मूळ हेतु होता. आज लोक ती अडचणींतून सुटण्यासाठीं दाबतात.

येथपर्यंत संगणकापुढें बसणारा मनुष्य तरबेज असावा हें गृहीतच होतें. तें गृहीत मोडलें माऊसनें. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें डग्लस एंजलबार्ट यांनीं एक प्रयोग जमलेल्या तज्ज्ञांपुढें करून दाखविला. त्यांच्या उजव्या हातीं माऊस होता, ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत येते. त्यांच्या डाव्या हाताखालीं पांच कळांची एक लहानशी पट्टी होती, ही गोष्ट बहुधा गाळली जाते. पेटीवर सूर धरावेत तशा त्या कळा एकदम दाबून अक्षरें व आज्ञा द्यावयाच्या असत. म्हणजे माऊसच्या जनकाच्या मनांत माऊस हा एका हाताचा सोबती होता, आणि दुसरा हात आज्ञा देण्यास मोकळाच राहावयाचा होता. जगानें त्यांतला माऊस उचलला आणि ती पट्टी टाकून दिली. कारण उघड आहे. माऊस पांच मिनिटांत हातीं बसतो. त्या पट्टीस सराव लागे. विकणाऱ्यास पांच मिनिटांचीच वस्तु परवडते.

कापणें, नक्कल करणें आणि चिकटविणें या तीन क्रियांस आजचें रूप झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनीं १९७४-७५ च्या सुमारास दिलें. पुढें टेस्लर अॅपल कंपनींत गेले. १९८३ च्या लिसा या संगणकांत या क्रियांसाठीं कळफलकाच्या तळओळींतील एक्स, सी आणि व्ही हीं लागून असलेलीं अक्षरें आलीं, आणि केलेलें मागें घेण्यासाठीं शेजारचेंच झेड. एक्स म्हणजे फुली, सी हें नकलेच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर, आणि व्हीचा आकार दोन ओळींमध्यें कांहीं खुपसावें तसा, असा त्यांचा अर्थ लावतात. खरा गुण त्यांच्या शेजाराचा आहे. डावा हात न हलवितां चारहि कळा बोटांखालीं येतात, आणि उजवा हात माऊसवर राहिला तरी चालतो. एंजलबार्टचें दोन हातांचें स्वप्न असें आडवाटेनें खरें झालें.

त्याच अॅपलनें दुसऱ्या वर्षीं मॅकिंटॉश काढला तेव्हां त्याच्या कळफलकावर चार दिशांच्या बाणांच्या कळा मुद्दामच ठेवल्या नाहींत. लोकांनीं जुन्या संवयीनें त्याच वापरल्या असत्या आणि माऊसला हात लावला नसता, अशी धास्ती होती. १९८६ च्या पुढच्या नमुन्यांत त्या कळा निमूटपणें परत आल्या. दुसऱ्या बाजूस आय.बी.एम.नें १९८७ सालीं सर्व कार्यक्रमांसाठीं सामायिक नियम बांधले, आणि त्यांत माऊसनें होणारें काम कळांनींहि व्हावें अशी दृष्टि ठेवली. यादींतील शब्दाच्या एका अक्षराखालीं जी रेघ दिसते ती त्या काळची. आल्ट दाबून तें अक्षर दाबलें कीं यादी उघडते. त्या नियमांत नक्कल करण्यास कंट्रोल आणि इन्सर्ट, चिकटविण्यास शिफ्ट आणि इन्सर्ट अशा जोड्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजनें आधीं त्या पाळल्या, पुढें एक्स, सी, व्ही घेतलीं, आणि जुन्याहि काढून टाकल्या नाहींत. आजहि त्या पुष्कळ ठिकाणीं चालतात. कचेरींत एखादे वयस्क गृहस्थ त्याच वापरतांना दिसले तर ते चुकत आहेत असें समजूं नये. त्यांचा हात १९९० च्या आधींच्या शाळेंत शिकलेला असतो इतकेंच.

विंडोजच्या चिन्हाची कळ १९९४ सालीं कळफलकावर आली. डी या अक्षराबरोबर ती दाबली कीं उघड्या खिडक्या बाजूस होऊन पडद्यावरील मेज, म्हणजे डेस्कटॉप, दिसूं लागतें; ई बरोबर दाबली कीं कागदपत्रांचें कपाट उघडतें; एल बरोबर दाबली कीं यंत्रास कुलूप लागतें. लोकांची ये-जा असलेल्या कचेरींत जागेवरून उठतांना ही शेवटची जोडी दाबणें हें कपाटाची किल्ली खिशांत घालण्याइतकेंच अगत्याचें आहे.

मराठी लिहिणाऱ्याच्या वाट्याला या इतिहासाचें एक निराळेंच प्रकरण आलें. मराठी टाइपरायटरवर अक्षर जसें दिसतें तसें घडवावें लागे. 'कि' लिहावयाचें तर पहिली वेलांटी आधीं आणि क नंतर, कारण कागदावर वेलांटी आधीं येते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं इनस्क्रिप्ट ही कळरचना ठरविली, तिनें दिसण्याऐवजीं उच्चाराचा क्रम धरला: आधीं क, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनें उजव्या हाताला. आणि शिफ्टचा उपयोग तर पाणिनीच्या देशास शोभेल असा केला. ज्या कळेवर क, तिच्यावरच शिफ्टसह ख. ग वर घ. त वर थ. द वर ध. प वर फ. ब वर भ. रेमिंग्टनच्या शिफ्टनें लहान अक्षराचें मोठें केलें. येथें तिनें अल्पप्राणाचा महाप्राण केला. हीच रचना देशांतील इतर लिप्यांसहि लागू असल्यामुळें मराठी जाणणाऱ्यास गुजराती किंवा कानडी कळा निराळ्या शिकाव्या लागत नाहींत. असें असूनहि जुने टायपिस्ट रेमिंग्टनची रचना सोडावयास नाखूष राहिले. त्यांना दोष देतां येत नाहीं. रचना कितीहि शास्त्रशुद्ध असली तरी बोटांनीं वर्षानुवर्षें केलेलें पाठांतर तिच्यासाठीं पुसलें जात नाहीं. म्हणून संगणकावरहि रेमिंग्टनची रचना पर्याय म्हणून ठेवावी लागली.

उल्हासनगरांत तर एका टेबलावर तीन-चार लिप्यांचा प्रसंग येतो. सरकारी अर्ज मराठींत, व्यापाराचें बिल इंग्रजींत, आणि घरची भाषा सिंधी. सिंधी ही १९६७ सालीं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत आली. ती देवनागरींतहि लिहितात आणि ५२ अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपींतहि. देवनागरी सिंधीस ग, ज, ड आणि ब यांच्याखालीं रेघ असलेलीं चार अक्षरें लागतात. युनिकोड या जागतिक संकेतांत तीं २००६ सालीं दाखल झालीं. अरबी वळणाची सिंधी उजवीकडून डावीकडे चालते. अशा ठिकाणीं शॉर्टकट ही चैन राहत नाहीं. डावें आल्ट आणि शिफ्ट, किंवा नव्या विंडोजमध्यें विंडोजची कळ आणि स्पेस, दाबली कीं लिपि पालटते. कंट्रोल आणि उजवी शिफ्ट दाबली कीं परिच्छेद उजवीकडून सुरू होतो. कंट्रोल आणि डावी शिफ्ट दाबली कीं डावीकडून. हें ज्याला ठाऊक नाहीं तो एका पत्रांत दोन लिप्या लिहूं लागला कीं विरामचिन्हें भलत्या टोकाला जाऊन बसलेलीं पाहतो, आणि यंत्र बिघडलें असें समजतो.

परंतु ज्यांना पडदाच दिसत नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न या सर्वांहून मोठा आहे. माऊस हें डोळ्यांचें साधन आहे. बाण कोठें आहे हें दिसलें तरच तो हलवितां येतो. १९८० नंतरच्या दशकांत संगणकाचा पडदा चित्रांनीं भरूं लागला, तेव्हां अंधांच्या हातून हें यंत्र कायमचें निसटतें कीं काय अशी वेळ आली होती. तोंपर्यंत अंध टायपिस्ट हें कांहीं आश्चर्य नव्हतें. कळांकडे न पाहण्याची शिस्त त्यांना कोणी वेगळी शिकवावी लागत नव्हती. ब्रेल लिहिण्याचें १९५१ सालचें पर्किन्स यंत्र तर सहा कळा एकदम दाबूनच चालतें. त्या हातांना अडचण होती ती चित्रांच्या पडद्याची.

उत्तर आलें तें पडदा वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमांच्या रूपानें. अमेरिकेंत टेड हेंटर या अंध अभियंत्यानें सुरू केलेला जॉज हा कार्यक्रम १९९५ सालीं विंडोजवर चालूं लागला. त्याची किंमत मात्र भारतांतील सामान्य घरास झेपणारी नव्हती. २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें एन.व्ही.डी.ए. हा कार्यक्रम लिहावयास घेतला आणि तो सर्वांस विनामूल्य दिला. असा कार्यक्रम वापरणारा मनुष्य संगणकावर हिंडतो तो केवळ कळांनीं. टॅब दाबली कीं पुढची चौकट आणि तिचें नांव कानांवर पडतें. एच दाबला कीं पानावरील पुढचें शीर्षक. इन्सर्ट आणि टी दाबलें कीं उघड्या खिडकीचें नांव. कंट्रोल दाबला कीं वाचणारा आवाज गप्प होतो. ज्यांचा एकच हात चालतो, किंवा ज्यांस दोन कळा एकदम धरतां येत नाहींत, त्यांच्यासाठीं विंडोजमध्यें १९९५ पासून आणखी एक सोय आहे: शिफ्ट पांच वेळां दाबली कीं पुढें कंट्रोल, आल्ट अशा कळा एकामागून एक दाबल्या तरी त्या एकत्र धरल्याप्रमाणें मानल्या जातात. अनेकांच्या पडद्यावर ही चौकट चुकून उघडते आणि ते वैतागून ती बंद करतात. ती कोणासाठीं आहे हें कळल्यावर वैताग जरा कमी व्हावा.

संकेतस्थळावरील प्रत्येक काम कळफलकानें करतां आलें पाहिजे, हा नियम २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेला आहे. भारत सरकारनें स्वतःच्या संकेतस्थळांसाठीं २००९ सालीं तशींच तत्त्वें काढलीं. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ मध्यें अमलांत आला. तरीहि एखाद्या अर्जावर असें एखादें बटण असतें कीं टॅब त्याच्यावर थांबतच नाहीं. डोळस मनुष्य माऊसनें तें दाबून पुढें जातो आणि त्यांत कांहीं उणें होतें हें त्याला कळतहि नाहीं. अंध उमेदवाराचा अर्ज मात्र तेथेंच अडतो, आणि शेवटची तारीख त्याच्यासाठीं थांबत नाहीं.

त्याच २०१७ सालच्या ऑगस्टांत महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टाइपरायटरवरील शेवटची परीक्षा झाली. गोदरेजनें टाइपरायटर घडविणें २००९ सालींच थांबविलें होतें. रेल्वे स्थानकांजवळच्या टायपिंगच्या वर्गांतून यंत्रांचा खडखडाट गेला आणि संगणक मांडले गेले. नव्या परीक्षेंत वेगाच्या उताऱ्याबरोबर पत्र, तक्ता आणि ई-मेलहि आला. अर्थात् विद्यार्थ्याला आतां एका कागदावर सरळ चालावयाचें नसून अनेक खिडक्यांतून ये-जा करावयाची असते. तरी शिक्षक पहिल्या दिवशीं बोटें ठेवावयास लावतो तीं ए, एस, डी, एफ याच कळांवर. शॉर्टकट शिकविण्यास याहून योग्य जागा दुसरी नाहीं. कारण ज्याचा हात कळांवर घर करून आहे त्यालाच तो कळांवरून उचलण्याचा खर्च कळतो.

जानेवारी २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें कळफलकावर आणखी एक कळ आणण्याचें जाहीर केलें. कोपायलट या नांवाची ही कळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसास बोलावते. कळफलकावर जागा मोजकीच असल्यामुळें अनेक नव्या यंत्रांत ती उजव्या कंट्रोलच्या किंवा मेनू कळेच्या जागीं बसली. मेनू कळ डोळस माणसें क्वचितच वापरतात. माऊसचें उजवें बटण असतांना तिची त्यांना गरज पडत नाहीं. पडदा कानांनीं वाचणाऱ्यांस ती दिवसांत अनेकदां लागते. ज्यांच्या यंत्रावरून ती नाहींशी झाली त्यांना तेंच काम शिफ्ट आणि एफ-टेन या जुन्या जोडीनें करतां येतें, आणि ते तसें करीत आहेत.